ऑर्गनचा भाता, कांद्याचा काटा आणि घरचे कॉकपिट

१/ पारनेरच्या बाजारात कांद्याची गोणी इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, तेव्हा तबकाखालचा धातूचा एक ठोकळा किंचित वाकतो. डोळ्यांना न दिसणारे ते वाकणे विजेच्या संकेतात बदलणाऱ्या या भागाला लोडसेल म्हणतात. प्लायवूड, लोखंडी अँगल आणि भंगारातली मोटारीची सीट जोडून घरीच रेसिंग सिम्युलेटर बांधणारे हौशी तरुण हाच भाग ब्रेकच्या पेडलमागे बसवतात. वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो. पण सिम्युलेटर ही वस्तू जन्मली तीच अशा जोडकामातून, आणि प्रारंभी तिलाही खेळणेच समजले गेले.

२/ १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘आंत्वानेत’ विमानाच्या शिकाऊ चालकांसाठी लाकडी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवले होते. शिकाऊ चालक वर बसे, मदतनीस हातांनी ते डळमळवत, आणि त्याने बाजूची चाके फिरवून तोल सावरायचा. इंजिन नाही, पंख नाहीत. शिक्षण मात्र खरे.

३/ खरी कथा एडविन लिंक यांची. जन्म १९०४. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याची ओढ मोठी, पण हवेतला प्रत्येक तास महाग. म्हणून त्यांनी कारखान्याच्या तळघरात ऑर्गनचेच भाते, झडपा आणि हवा ओढणारा पंप वापरून छोट्या पंखांची एक पेटी उभी केली. दांडी वा पेडल हलवले की झडप उघडे, भात्यातली हवा ओढली जाई, भाता आकसे आणि पेटी त्या बाजूला कले. संगीत नाटकांपुढे पायाने भाता मारत वाजवला जाणारा ऑर्गन ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही यंत्रणा परकी वाटणार नाही.

४/ १९२९ च्या पेटंट अर्जात लिंक यांनी या यंत्राला वैमानिकांच्या शिक्षणाचे आणि करमणुकीचे संयुक्त साधन म्हटले होते. गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः करमणुकीचे. विमानशाळांनी पाठ फिरवली आणि पेट्या जत्रावजा उद्यानांत गेल्या.

५/ फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे हवाई टपालाचे काम आले. हिवाळा, रात्र, धुके. आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसलेले तरुण. काही आठवड्यांत दहाहून अधिक वैमानिक दगावले. त्यानंतर सैन्याने लिंक यांच्या सहा पेट्या घेतल्या. लिंक स्वतः दाट धुक्यातून उपकरणांच्या आधारे नेवार्कला उतरले, तेव्हा वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना वेगळा पुरावा लागला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशी सुमारे १०,००० यंत्रे बनली आणि ५ लाखांहून अधिक जण त्यांवर शिकले. खेळण्याला प्रतिष्ठा मिळाली, पण ती प्रेते मोजल्यावर.

६/ मोटारशर्यत करमणुकीच्याच दाराने आली. अटारीच्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ (१९७४) या यंत्राला स्टिअरिंग, गिअर आणि पेडल होते. मायक्रोप्रोसेसर मात्र नव्हता. पुढे घरगुती संच निघाले, त्यांत एक खोट राहिली. स्प्रिंग लावलेले स्वस्त पेडल किती सरकले ते मोजते. खऱ्या मोटारीत ब्रेकचे पॅड डिस्कला टेकल्यावर पेडल जवळजवळ थांबते; त्यानंतर अंतर नव्हे, जोर बोलतो. चालकाच्या पायाला तो जोरच लक्षात राहतो.

७/ म्हणून लोडसेल. ताणल्यावर तारेचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५६ मध्ये दाखवले होते. १९३८ मध्ये एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे चिकटवता येणारी ताणमापक तार सिद्ध केली. रूज भूकंपात पाण्याच्या टाक्यांचे काय होते, हे छोट्या प्रतिकृतींवर तपासत होते! तीच तार आज कांदाही तोलते आणि ब्रेकही.

८/ घरी बांधणाऱ्याची फजिती बहुधा इथेच होते. स्प्रिंगच्या जागी कडक रबर येते, पाय तीस-चाळीस किलोंचा जोर लावतो आणि पेडलऐवजी प्लायवूडच वाकते. सीट मागे सरते ती वेगळीच. मग अँगल, वेल्डिंग, आडवे टेकू. संकेतही इतका क्षीण असतो की तो वाढवणारे छोटे सर्किट जोडावे लागते.

९/ पारनेरच्याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहरात, रणगाडा-दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे; तिथल्या रणगाडा-शिक्षणाची परंपरा १९२४ पासूनची. रणगाड्याचा प्रत्येक तास इंजिन झिजवतो. जगभरच्या सैन्यांना सिम्युलेटर लागतो तो याच हिशेबाने, आणि तळघरातल्या लिंक यांचा हिशेबही हाच होता.

१०/ घरच्या स्टिअरिंगपासून खऱ्या शर्यतीपर्यंतची वाटही चालून झाली आहे. जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो’ या खेळावर आधारित स्पर्धा जिंकून चालक झाला आणि २०१३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर एका चढावाच्या माथ्यावर त्याच्या गाडीचे नाक उचलले गेले, गाडी कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक मरण पावला. मार्गाच्या त्या भागाचे नाव फ्लुगप्लात्झ, म्हणजे विमानतळ.