आधी कोणाला घ्यायचं?

बैठकीत दवाखान्याचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते : "आम्ही आधी आलो, अन् मागून आलेल्याला आत घेतलं." रेशनच्या रांगेत असं झालं तर भांडायलाच हवं. पण कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, रांगेचा नियम वेगळा आहे. तो कुठून आला, ते आज सांगते.

सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा फ्रान्स. जखमी सैनिकांना नेणाऱ्या गाड्या लढाईपासून चार-पाच किलोमीटर मागे थांबायच्या. तसा नियमच होता. लढाई संपून त्या पोचेपर्यंत कित्येक जण तिथेच जीव सोडायचे. डॉमिनिक लारे या तरुण लष्करी डॉक्टरला हे बघवेना. १७९२ मध्ये त्याने हलक्या घोडागाड्या थेट रणात नेण्याची कल्पना मांडली. पुढे तो नेपोलियनच्या सैन्याचा मोठा डॉक्टर झाला. त्याचा नियम एकच : ज्याची जखम जिवावरची, तो पहिला. शिपाई असो की सरदार, हुद्दा बघायचा नाही. सरदारांना हे रुचलं असेल असं मला तरी वाटत नाही!

या पद्धतीला पुढे 'ट्रियाज' नाव पडलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणं. आपण सुपात धान्य निवडतो, तसंच. म्हणून साप चावलेली बाई मागून आली तरी आधी आत जाते, अन् मनगट मुरगळलेली बाकावर बसते.

हे पटतं. पटत नाही ते एवढंच, की बाकावरच्या बाईला कोणी काही सांगत नाही. अमेरिकेत १९९६ साली एक अभ्यास छापून आला. तातडीच्या विभागातले रुग्ण समाधानी आहेत की नाहीत, हे घड्याळातल्या वेळेपेक्षा दुसऱ्याच गोष्टींवर ठरत होतं. का थांबायचं ते कळलं का, माणसं नीट बोलली का, यावर.

थांबवणं वेगळं आणि परत पाठवणं वेगळं. आपल्याकडे अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरवाल्याला 'पोलीस केस आहे' म्हणून एका दवाखान्यातून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं. तो वाटेतच गेला. त्यावरून सुप्रीम कोर्टात परमानंद कटारा खटला चालला. १९८९ मध्ये कोर्टाने सांगितलं, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवायचे उपचार आधी करायचे. पोलिसांचे कागद नंतर.

आणि बाकावर बसल्या बसल्या धाप लागली, घेरी आली, रक्त वाढलं, तर गप्प बसू नका. लगेच नर्सताईंना सांगा. दुखणं वाढलं की रांगेतला नंबरही बदलतो.