गाडगे महाराज
(२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६). महाराष्ट्रातील थोर लोकसेवक व कीर्तनकार. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि फुटके गाडगे. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत. रात्री त्याच गावात कीर्तन होई. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधे प्रश्न विचारत ते कर्ज, दारू, पशुबळी, अस्पृश्यता यांवर बोलत आणि पोरांना शाळेत घालण्याचा आग्रह धरत.

लोकांनी दिलेल्या पैशातून पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट, तर पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांचीही राहण्याची सोय झाली. परगावी दुखणेकऱ्यासोबत आलेल्या माणसाची अडचण ओळखणारी ही दृष्टी विशेष मोलाची. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. एवढ्या मालमत्तेपासून त्यांनी स्वतःच्या कुटुंबाला मात्र कटाक्षाने दूर ठेवले. अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.