प्रवाशाचे नाणे आणि परमुलखाचा बट्टा

प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरीइतकीच चिंता नाण्याची असते. आपल्या गावात खणखणीत वाजणारा रुपया परमुलखात परका होतो. त्याचे मोल दुसराच कोणी ठरवितो आणि त्या ठरविण्याची मजुरीही आपल्याकडूनच घेतो. या मजुरीसाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत. नाणे बदलताना कापला जातो तो बट्टा. आणि एका पेठेतला पैसा दुसऱ्या पेठेत मिळण्यासाठी जी किंमत पडते ती हुंडणावळ. 'डॉलर काय भावाने मिळेल?' असे विचारणारा आजचा गृहस्थ वस्तुतः याच दोन गोष्टींची चौकशी करीत असतो. पोटापाण्यासाठी वा तीर्थयात्रेच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर आलेल्या आपल्यासारख्यांच्या पूर्वजांनीही ती केली होती. त्या चौकशीचा हा संक्षिप्त इतिहास.

पेशवाईत पुण्याहून काशीस जाणे ही नाण्यांच्या दृष्टीने परदेशयात्राच होती. पुण्याकडचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडचा चांदवडी वेगळा, नागपूरचा नागपुरी वेगळा आणि बनारसच्या टांकसाळीचा आणखी वेगळा. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. त्यातून नाणे झिजलेले असेल तर त्याचे मोल आणखी उतरे. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या पेठेत सराफ नाणे तोलून, वाजवून, पारखून घेई आणि बट्टा कापून स्थानिक नाणे हाती ठेवी. परगावच्या यात्रेकरूला त्या पारखीची शहानिशा करता येत नसे. बट्ट्याचे खरे दुखणे येथेच होते. मजुरी घेणे गैर नव्हते. पण ती किती घेतली, हे देणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

या अडचणीवर आपल्या देशातील सावकारीने काढलेला तोडगा म्हणजे हुंडी. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरावी, कागद घ्यावा आणि काशीच्या पेढीवर तो दाखवून तेथल्या चलनात पैसे उचलावेत. दाखविताक्षणी पटणारी ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनी पटणारी ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे केवळ प्रतिष्ठित, ओळखीच्या व्यापाऱ्याच्याच हाती पडत. त्यामुळे वाटेत कागद चोरीस गेला तरी चोराला त्याचा उपयोग होत नसे. हुंडी हरवलीच तर 'पेठ' नावाची दुसरी प्रत आणि तीही हरवली तर 'परपेठ' मिळे. हुंडणावळीचा दर मात्र स्थिर नसे. वाटेवर दंगाधोपा असला की तो चढे. ज्या पेठेकडे पैशाची ओढ अधिक, तिच्यावरील हुंडी महाग आणि उलट दिशेची स्वस्त पडे.

रोकड जवळ बाळगणाऱ्याचे काय होई, याचा दाखला वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात सापडतो. दक्षिणेच्या आशेने ते १८५७ साली उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या लुटीत त्यांची मिळकत गेली. चढ्या हुंडणावळीत जोखमीचे केवढे मोल दडलेले असते, हे अशा वेळी ध्यानात येते.

कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला आणि देशांतर्गत बट्ट्याची कटकट हळूहळू सरली. पण तोवर मराठी तरुणाची वाट काशीऐवजी लंडनकडे वळू लागली होती आणि तेथे रुपयाची गाठ पौंडाशी होती. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. १८७० नंतर जगाच्या बाजारात चांदी उतरत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही. १८७० च्या सुमारास रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत, म्हणजे शंभर पौंडांना हजार रुपये पडत. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, तेव्हा रुपया पंधरा पेन्सांच्या आसपास आला होता. त्याच शंभर पौंडांना आता सोळाशे रुपये मोजावे लागत. मुलाला विलायतेस धाडणाऱ्या बापाचा यात काही दोष नव्हता आणि कोणत्याही सराफाशी घासाघीस करून हे सहाशे रुपये वाचण्यासारखे नव्हते.

पुढे दर सोळा पेन्सांवर स्थिरावला. पण पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा गोंधळ माजला. १९२० च्या आरंभी रुपया दोन शिलिंग आठ पेन्सांच्याही वर चढला आणि सुमारे वर्षभरात सोळा पेन्सांच्या आसपास घसरला. ही घसरण चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. १९२७ साली सरकारने अठरा पेन्सांचा दर कायद्याने पक्का केला. सोळा की अठरा, हा वाद तेव्हा देशभर गाजला, कारण हुंडणावळीच्या दोन पेन्सांत शेतकऱ्याचा, गिरणीमालकाचा आणि परदेशी जाणाऱ्याचा नफातोटा गुंतला होता.

१९३९ साली दुसऱ्या महायुद्धाबरोबर परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आले आणि १९४७ च्या कायद्याने ते कायम झाले. १९५७-५८ च्या सुमारास देशाची परकीय गंगाजळी आटली, तसे निर्बंध अधिकच आवळले गेले. आता भाव काय हा प्रश्न मागे पडून परवानगी मिळेल का, हा प्रश्न पुढे आला. तिकीट काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' लागे आणि मिळालेल्या चलनाची नोंद पासपोर्टवर होई. त्या पिढीच्या आठवणींत 'आठ डॉलर' हा आकडा कोरलेला आहे. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्या हिशेबाने आठ डॉलर म्हणजे अवघे साठ रुपये. एवढ्या भांडवलावर शिकलेली माणसे परक्या विमानतळावर उतरली. ज्यांना अधिक हवे होते त्यांच्यापैकी कित्येकांनी काळ्या बाजाराची वाट धरली आणि सरकारी दराहून चढा भाव मोजला. देशाची गरज खरी होती, हे मान्य केले पाहिजे. पण प्रामाणिक माणसाला चोरवाटेकडे ढकलणारा कायदा त्याच्याकडून सर्वांत मोठा बट्टा वसूल करतो, हेही तितकेच खरे.

१९९१ साली गंगाजळी पुन्हा तळाला गेली. सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवावे लागले आणि जुलैत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. त्या संकटातूनच धोरण पालटले. १९९३ पासून रुपयाचा दर मुख्यतः बाजारात ठरू लागला, १ जून २००० पासून नवा, सौम्य कायदा अमलात आला, आणि २००४ साली व्यक्तीला वर्षाला २५ हजार डॉलर परदेशी नेण्या-धाडण्याची मुभा मिळाली. २०१५ साली ही मर्यादा अडीच लाख डॉलर झाली.

परवानगीचा प्रश्न असा बव्हंशी सुटल्यावर जुना बट्टा मात्र नव्या वेषात परत आला आहे. 'कमिशन नाही' अशी पाटी लावणारा दुकानदार आपली मजुरी खरेदी-विक्रीच्या भावांमधील अंतरात घेतो. समजा, बाजारातला मधला भाव ८० रुपये आहे आणि आपल्याला डॉलर ८३ रुपयांना मिळाला, तर हजार डॉलरमागे तीन हजार रुपये निमूटपणे गेले. विमानतळावरच्या खिडकीवर हे अंतर सहसा अधिक असते. परदेशी दुकानात कार्ड पुढे करताच 'रुपयांत देता का?' असे विचारतात. ते सोयीचे वाटते, पण त्या सोयीत बहुधा दुकानदाराच्या बाजूचा चढा दर दडलेला असतो. तेथल्याच चलनात देणे सामान्यतः हिताचे ठरते. आपल्या बँकेचा आकार किती, हे मात्र निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

रुपयाचे मोल ठरविणाऱ्या शक्ती लंडनच्या त्या विद्यार्थ्याच्या हाती नव्हत्या, तशा त्या आपल्याही हाती नाहीत. बट्ट्याची गोष्ट निराळी आहे. काशीच्या यात्रेकरूला सराफाच्या तराजूआड काय चालले आहे ते दिसत नव्हते. आजच्या प्रवाशाला मधला भाव घरबसल्या पाहता येतो, चार ठिकाणी विचारता येते आणि सर्व आकार वजा जाता हाती किती पडेल, एवढा एकच आकडा मागता येतो. पूर्वजांना न मिळालेला हा अधिकार आहे. तो वापरण्यात संकोच कसला?