दवंडी आणि ती देणारे

दवंडी म्हणजे हलगीच्या ठोक्यावर गावभर पुकारलेला जाहीर हुकूम. अक्षर ओळखणारे गावात मोजकेच असत तेव्हा शेतसाऱ्याची मुदत, जप्ती, लिलाव, साथीचा इशारा हे सारे लोकांना याच वाटेने कळे. पुकारणारा हलगी आधी जाळावर शेकून घेई, म्हणजे कातडे ताठ होऊन आवाज खणखणीत निघे. चावडीपासून निघून तो चौकाचौकात थांबे, ‘ऐका हो ऐका’ अशी लांब हाळी देई आणि मजकूर तोंडपाठ सांगून पुढे सरके.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात उमदी, संखच्या बाजूला कन्नड घरोघर बोलली जाते. कन्नडमध्ये दवंडीला डंगुर म्हणतात. मराठीतला डांगोरा त्याचाच भाऊबंद. डांगोऱ्याला पुढे बढाईचा वास लागला, दवंडी मात्र सरकारी कागदात टिकून राहिली.

 

दवंडीचे काम महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत महार वतनदारांकडे असे, काही ठिकाणी मातंगांकडे. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि खळ्यावरचे बलुते. त्या बदल्यात रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी निघावे लागे, आणि घरातल्या कुणालाही राबवून घेतले जाई. सारा गाव ज्याच्या आवाजावर अवलंबून होता, त्यालाच गावाने वेशीबाहेर ठेवले. दवंडीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे. ब्रिटिश मुलखात १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधिलकी पक्की केली होती. तो कायदा बदलण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. वतनाच्या तुकड्यापायी महार समाज गुलामीत अडकला आहे, अशी त्यांची भूमिका होती. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ चा.

त्यानंतर हे काम मानधनावरच्या कोतवालाकडे आले. पुढे रिक्षावरचा कर्णा, ग्रामपंचायतीचा भोंगा आणि मोबाइलवरचे निरोप यांनी हलगीची फेरी कमी केली. तरीही ग्रामसभेची सूचना दवंडीने देण्याची पद्धत चालू आहे, आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या जागेवर वाद्य वाजवून जाहीर करण्याची तरतूद आहे.