एअर रायफल घेताय? बॅरल किती लांब हवी, ते आधी समजून घ्या

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. मग किल्लारीतून आपणही सुरुवात करू शकतो का? नक्कीच. मात्र ५० मीटरच्या .२२ रायफलला परवाना लागतो, म्हणून नव्या नेमबाजाने १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करणं सोपं. दुकानात गेलात की सल्ला मिळतो, “लांब बॅरल घ्या, नेम पक्का लागेल.” हे कितपत खरं आहे?

वेग

स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन एकदाच हवा दाबतो. छर्रा थोडं अंतर गेला की हवेचा जोर ओसरतो. पुढची नळी वेगात फारशी भर घालत नाही. कॉम्प्रेस्ड एअरच्या रायफलमध्ये लांब नळीचा फायदा जास्त मिळतो. पण १० मीटरवर कागदाला भोक पाडायला जास्त वेगाची गरजच नसते.

नेम

खरा फरक पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या अंतराने पडतो. समजा, पुढची साइट ०.१ मिमी सरकली. दोन साइटमध्ये ६० सेंमी अंतर असेल, तर १० मीटरवर छर्रा सुमारे १.७ मिमी चुकतो. ८० सेंमी असेल, तर १.२५ मिमी. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, म्हणजे हा फरक छोटा नाही! पण त्यासाठी बॅरलच लांब हवी असं नाही. स्पर्धेच्या रायफलींमध्ये नळीपुढे पोकळ ट्यूब जोडून पुढची साइट लांब नेतात. दुर्बीण लावली, तर हा मुद्दाच उरत नाही.

तोल

लांब बॅरल म्हणजे पुढे जास्त वजन. सवय असेल तर रायफल स्थिर राहते, नसेल तर हात थरथरतो. आणखी एक गोष्ट: छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, तेवढ्यात हात हलला तर नेम चुकतो. नळी मोडून भरायच्या रायफलमध्ये मात्र लांब बॅरल फायद्याची. तरफ लांब झाल्याने जोर कमी लागतो.

मग काय घ्यायचं?

आधी क्लबची रायफल कोचसमोर चालवून बघा. दस्ता खांद्याला नीट बसतो का, दहा मिनिटं उभं राहून धरता येते का, ते तपासा. स्पर्धेत उतरायचं असेल, तर यंत्रणेच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिमीच्या आत हवी.

कायदा आणि सुरक्षा

शस्त्र नियम २०१६ नुसार नळीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा जास्त किंवा ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर एअर रायफललाही परवाना लागतो. गल्लीत, शेतात, पक्ष्यांवर नेम धरू नका. चष्मा लावा, टार्गेटमागे छर्रा अडवणारी पेटी ठेवा आणि रायफल भरलेली आहे असं समजूनच हाताळा.