पक्षिगृहाची जाळी
विस्तीर्ण पक्षिगृहाच्या आच्छादनासाठी जाळी निवडताना पक्ष्यांचा आकार, चोचीचे सामर्थ्य, हवामान आणि उंदीर, साप, मुंगूस यांचा उपद्रव या सर्वांचा साकल्याने विचार करणे अगत्याचे असते. जस्तलेपित लोखंडी जाळी स्वस्त व मजबूत असली, तरी तारा चावण्याची सवय असलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यांच्या पोटात तिच्या सांध्यांवर साचलेले जस्ताचे कण जाऊन प्राणघातक विषबाधा संभवते; म्हणून त्यांच्यासाठी अगंज पोलादाची जाळी श्रेयस्कर होय. सुमारे १३ मिमी. चौरस छिद्रे मोठ्या उंदरांना मज्जाव करतात. नायलॉनचे जाळे वजनाला हलके असले, तरी उन्हाने जीर्ण होते व उंदीर ते कुरतडतात. उंच मांडवांवर बारीक पोलादी दोरांची लवचीक जाळी ताणल्यास धडकणाऱ्या पक्ष्यास इजा कमी होते. लंडन प्राणिसंग्रहालयातील, १९६५ मध्ये खुल्या झालेल्या स्नोडन पक्षिगृहावर ॲल्युमिनियमची जाळी होती.