तोरेझला लिहिलेले पत्र

२४ ऑक्टोबर १९५६ रोजी फ्रेंच संसदेतील एका काळ्या कम्युनिस्ट सभासदाने पक्षाचा सरचिटणीस मोरीस तोरेझ याला राजीनाम्याचे पत्र लिहिले. सभासदाचे नाव एमे सेझेर. वर्ग आधी की जात आधी, या वादात ज्यांची उमेद खर्ची पडली त्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे पत्र वाचावे, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

सेझेर १९१३ साली मार्टिनिक बेटावर जन्मला. तिथली गुलामगिरी १८४८ साली कायद्याने गेली. ऊसमळे मात्र गोऱ्या मालकांकडेच राहिले. शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला. तिथे त्याने आणि सेंगोर, दामास या मित्रांनी ‘नेग्र’ ही शिवीच उचलली आणि ‘नेग्रित्यूद’ची चळवळ उभी केली. शिवीचीच ओळख करणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

१९४५ साली कम्युनिस्टांतर्फे तो फोर-द-फ्रान्सचा महापौर आणि खासदारही झाला. मार्टिनिकला फ्रान्समधील जिल्ह्यांच्या बरोबरीचा दर्जा देणारा १९४६ चा कायदा संसदेत त्यानेच मांडला. कागदावर समता आली. सामाजिक सुरक्षेचे लाभ मात्र रखडत, तुटपुंजे पोचले. १९५० मध्ये त्याने वसाहतवादावरील आपला निबंध लिहिला. हिटलरने गोऱ्यांवर जे केले ते युरोप काळ्यांवर आधीपासून करतच होता, हा त्यातला घाव अजून भरलेला नाही.

मग १९५६ उजाडले. फेब्रुवारीत ख्रुश्चेव्हने स्टालिनचे गुन्हे उघड केले. मार्चमध्ये फ्रेंच कम्युनिस्टांनी अल्जीरियात दडपशाहीसाठी मोले सरकारला विशेष अधिकार देण्याच्या बाजूने मतदान केले. सेझेरच्या पत्राचा आशय असा: आमचा प्रश्न हा फ्रेंच कामगाराच्या प्रश्नाचा तुकडा नव्हे, मार्क्सवाद काळ्यांच्या कामी यावा, काळ्यांना त्याच्या कामी जुंपू नये. धाकट्याचा हात धरून त्याला आपल्याच वाटेने ओढणाऱ्या थोरल्या भावाच्या बंधुत्वाला त्याने नकार दिला.

तोरेझ कुणी आरामखुर्चीतला पंडित नव्हता, खाणकामगारांच्या घरातला आणि स्वतः खाणीत राबलेला होता. तरीही ही गोष्ट त्याच्या पक्षाला दिसली नाही, आणि मला हेच अधिक गंभीर वाटते. क्रांतीच्या आधी नाही तर नंतर जातीशी गाठ पडणारच, असे बाबासाहेबांनी १९३६ साली समाजवाद्यांना बजावले होते. त्याचीही आठवण इथे होते.

१९५८ मध्ये सेझेरने स्वतःचा पक्ष काढला. माझी तक्रार इथून सुरू होते. तो स्वायत्तता मागत राहिला, स्वातंत्र्याचा लढा त्याने उभारला नाही. १९८१ साली तर दर्जाचा प्रश्नच त्याने तहकूब ठेवला. महापौरपद मात्र २००१ पर्यंत सांभाळले. पत्रातला सेझेर आणि महापौर सेझेर यांच्यात अंतर पडले, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

पण तो विझला नव्हता. फ्रेंच वसाहतींचे ‘विधायक’ कार्य शाळांतून शिकवा, असे २००५ च्या एका कायद्यात कलम होते. ते जागेवर असताना मंत्री सार्कोझी याला भेटायला नव्वदी ओलांडलेल्या सेझेरने नकार दिला. २००६ साली कलम रद्द झाल्यावरच त्याने सार्कोझीची भेट घेतली आणि आपला वसाहतवादावरील निबंध त्याच्या हाती ठेवला.